खालचे नऊ आकडे

कन्हान नदीच्या चोपन्न वर्षांच्या पाण्याची बेरीज मशीननं छापली आणि तिच्यापुढे उण्याचं चिन्ह टाकलं, तेव्हा तारा देशकर आधी हसली. मग तिनं कागद उजेडात धरून पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, इकडं या न जरा," तिनं दारातून हाक मारली. "नदी उलटी वाहून राहिली."

सुभद्रा बारापात्रे आपल्या टेबलावरून उठली. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या नदीमापन कार्यालयात बाकी सगळीकडे वाळ्याच्या ताट्या आणि खडखडणारे कूलर. थंडगार अशी एकच खोली होती, मशीनची. जानेवारीत मशीन आलं तेव्हापासून साहेबांना त्या खोलीत फायली वाचायची सवय लागली होती. सुभद्रा मात्र बोलावल्याशिवाय तिथं जात नसे. तिला आत गेलं की कानांत दडे बसल्यासारखं वाटायचं.

या कार्यालयात ती त्रेसष्ट साली लागली, तेव्हा तिच्या नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लिहिला होता 'कॉम्प्युटर'. गणित करणारा माणूस, एवढाच त्याचा तेव्हा अर्थ. पंचवीस वर्षं ती त्या हुद्द्यावर पगार घेत होती, आणि आता तोच शब्द त्या थंड खोलीतल्या खोक्याला लागला होता. शिपाई विचारायचा, "बाई, कॉम्प्युटर बंद करू का?" आणि मग स्वतःच ओशाळायचा.

"उणे एकशे चौऱ्याऐंशी कोटी," तारानं बोट ठेवून दाखवलं. "मी प्रोसीजर चारदा तपासली. चूक नाही."

प्रोसीजर म्हणजे काय ते तारानंच तिला समजावलं होतं. हिशेबाची रीत एकदा नीट लिहायची आणि मशीनच्या पोटात, आकड्यांच्या साठ्याशेजारीच ठेवून द्यायची. मग कोणीही तिला नावानं हाक मारावी आणि नदीचं नाव सांगावं, उत्तर येतं. रीत दरवेळी नव्यानं लिहावी लागत नाही. सुभद्राला ही कल्पना आवडली होती.

"किती आकडे मावतात याच्या एका खान्यात?" तिनं विचारलं.

"दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाखाच्या थोडं वर. तेवढे भरले की पुढचा एक टाकला का उलटं फिरते. उण्याच्या टोकाले जाऊन पडते."

"मग मोठा खाना नाही का?"

"आहे न. पण तो पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत खरं बोलतो, त्याच्यापुढचं अंदाजानं. आपल्याले घनांची बेरीज पाहिजे. ते एकोणीस आकडे होते."

तेवढ्यात मनोहरराव साहेब आत आले. कन्हानवर खालच्या बाजूला नवा पूल व्हायचा होता. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती उंच येईल, हे पंधरा जूनच्या आत सांगायचं होतं. त्यासाठी दर वर्षीचा मोठा पूर घ्यायचा, सरासरीपासून तो किती वर किंवा किती खाली ते काढायचं, त्या फरकांचे वर्ग करायचे, घन करायचे आणि सगळं मिळवायचं.

"अंदाजाचं मले काही नको," साहेब म्हणाले. "एकाहत्तर सालच्या रजिस्टरात पहिल्या सदतीस वर्षांची बेरीज हातानं केलेली आहे. मशीनची बेरीज त्याच्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळू द्या, मग मी सही करतो. पुलावरून माणसं जातील, देशकर बाई."

ते गेल्यावर तारा खुर्चीत मागे रेलली. "हातानं केलेली! एकोणीस आकडे? कोणी केली असन ही?"

"मी केली," सुभद्रा म्हणाली. "म्हणजे अर्धी."

*

ती अर्धी कशी केली ते तारानं विचारलं आणि सुभद्रानं सांगितलं, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं.

त्या काळी हँडल फिरवायची मशीनं होती. त्यांच्यात तेरा आकडे मावत. त्याहून मोठ्या बेरजा आल्या की दोन माणसं समोरासमोर बसत, टेबलाच्या दोन बाजूंना, दोन मशीनं घेऊन. आकडा मधोमध तोडायचा. खालचे नऊ एकाकडे, वरचे सगळे दुसऱ्याकडे. खालच्याचे नऊ भरून दहावा उगवला की तो आपल्याकडे ठेवायचा नाही, वरच्याला द्यायचा.

"हातचा," तारा म्हणाली.

"हो, हातचा."

खालचे नऊ सुभद्राकडे असत. वरचे रुपराव भोयर यांच्याकडे. ते तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, पारशिवनीच्या शेतकऱ्याघरचे, मॉरिस कॉलेजातून गणित घेऊन शिकलेले. सोमवारी सकाळी गावाहून यायचे ते डब्यात काहीतरी घेऊन, कधी हुरडा, कधी बोरं, कधी पानात बांधलेली चारोळी. टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि म्हणायचे, "पहिले काम, मंग खाणं." पण पहिली ओळ संपायच्या आतच स्वतः एक बोर तोंडात टाकायचे.

सात वर्षं ती दोघं त्या टेबलाशी बसली. दिवसभर हँडलांची खरखर, आणि दर ओळीच्या शेवटी तिचा आवाज. "हातचा दोन." पलीकडून, "घेतला." "हातचा एक." "घेतला." कधी हातचा नसायचा, तेव्हा ती म्हणायची, "काही नाही," आणि ते म्हणायचे, "बरं." इतर टेबलांवरची मंडळी हसायची. सुभद्राचं त्यांच्याकडे लक्ष नसे. इतवारीतल्या घरी, कापडाच्या दुकानात राबून थकून आलेला बाप, आई, भाऊ, सगळ्यांच्या बोलण्यात तिला दिवसभर ऐकलेलं ते "घेतला" मधूनच ऐकू यायचं आणि भाकरी तव्यावर करपायची.

रुपरावांनी कधी काही विचारलं नाही. तिनंही कधी काही दाखवलं नाही. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या, आणि दोघांच्या घरी ते काय होऊन बसलं असतं ते दोघांना ठाऊक होतं. पण एकाहत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रुपराव म्हणाले होते, "सुभद्राबाई, हे कन्हानचं काम संपलं का मले तुमच्याशी एक बोलायचं आहे." ती म्हणाली, "बोला न." तर म्हणाले, "आता नाही. आकडा तुटते."

फेब्रुवारीत त्यांचा मोठा भाऊ विहिरीवर मोटरपंपाचा शॉक लागून गेला. मागे बायको आणि दोन लहान लेकरं. रुपराव तेरावं करून परत आले, राहिलेल्या चाळीस ओळी दोन दिवसांत पूर्ण केल्या, रजिस्टरावर सही केली आणि साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. जाताना तिच्यापाशी आले. "वावर पाहायले कोणी नाही," म्हणाले. मग म्हणाले, "एखादवेळ पारशिवनीले या." ती "हो" म्हणाली. बोलायचं होतं ते काय, हे तिनं विचारलं नाही.

दीड वर्षानं कवडू शिपायानं बातमी आणली. रुपरावांनी घरच्यांच्या म्हणण्यावरून भावजयीशीच पाट लावला. "बरं केलं बापा," कवडू म्हणाला, "लेकरं उघड्यावर नाही पडले." सगळे म्हणाले, बरं केलं. सुभद्राही म्हणाली. त्या दिवशी तिची एक साधी बेरीज तीनदा चुकली.

पुढे तिला स्थळं आली. एक भंडाऱ्याचं, एक इथलंच महालातलं. तिला नाही म्हणायचं कारण सांगता यायचं नाही, म्हणून ती मुलाचं काहीतरी कमी काढायची. लोक म्हणाले, फार चिकित्सक आहे. मग बाप गेला, आणि लोकांनी म्हणायचंही सोडलं.

यातलं पुष्कळसं तिनं ताराला सांगितलं नाही. तिनं फक्त नऊ आकड्यांचं सांगितलं.

*

तारा हुशार होती. तिनं दोन दिवसांत प्रोसीजर नव्यानं लिहिली. नऊचे तुकडे मशीनला झेपेनात, कारण दोन तुकड्यांचा गुणाकारच खान्याबाहेर जायचा. म्हणून तिनं चार-चार आकड्यांचे तुकडे केले. एक आकडा म्हणजे पाच डबे. सगळ्यात खालच्या डब्यात दहा हजार झाले की एक वरच्या डब्यात, त्याच्यात झाले की त्याच्या वरच्यात. सुभद्रा शेजारी बसून पाटीवर ताळा करत होती. मोठे पूर असलेली वर्षं बरोबर मिळाली.

दुष्काळाची वर्षं आली आणि सगळं विस्कटलं. त्या वर्षी पाणी सरासरीहून कमी, म्हणून फरक उणे, आणि उण्याचा घनही उणे. खालच्या डब्यात उणे, वरच्यात अधिक, हातचा द्यायचा की उसना घ्यायचा, मशीनला समजेना. तारानं एक बाजू शिवली की दुसरी उसवायची. आठ दिवस गेले.

"तुमी काय करत होत्या उण्याले?" तारानं कंटाळून विचारलं.

सुभद्रा विचारात पडली. "मले उणं कधी येतच नव्हतं," ती म्हणाली. "रुपराव कागद आखून द्यायचे, त्यातले माझे नऊ मी मिळवायची. उण्याचं काय करायचं ते तेच पाहायचे."

"मंग त्यायले पत्र टाका न."

"पत्रात नाही समजायचं." सुभद्रानं पाटी पुसली. "मी रविवारी जाऊन येते."

पत्रात समजलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

*

एस.टी. कामठी सोडून कन्हानच्या पुलावर आली तेव्हा सुभद्रानं खिडकीतून खाली पाहिलं. पात्रात नुसती रेती, आणि एका कडेला पाण्याची बारीक धार. जिचं पाणी तिनं इतकी वर्षं कागदावर मोजलं ती नदी तिनं आयुष्यात पाच-सहा वेळांच्या वर पाहिली नव्हती. शेजारची बाई म्हणाली, "कुठं जाता वं बाई?" "पारशिवनीले," ती म्हणाली, आणि तो शब्द आपल्या तोंडून इतक्या सहज निघाला याचं तिला नवल वाटलं. सतरा वर्षं तो तिनं मोठ्यानं उच्चारला नव्हता.

स्टँडवर तिनं पानठेल्यावर विचारलं. "रुपराव भोयर? कॅनॉलवाले भाऊजी का?" पानवाला म्हणाला. "पेंच धरणाचं पाणी आलं तवापासून कोणाच्या वावरात किती तास सोडायचं ते तेच वाटून देतेत. त्यायच्या वाटपावर कोणी भांडत नाही. त्या कडुनिंबाच्या घरी जा."

कडुनिंबाखाली एक माणूस वखराची लोखंडी पास ठोकत बसला होता. केस पार पांढरे, अंगात बंडी, कपाळाला कुंकवासारखी गंजाची रेघ लागलेली. पावलं ऐकून त्यानं वर पाहिलं. हातोडी हातातच राहिली.

"सुभद्राबाई?"

"हो."

"बसा," ते म्हणाले, आणि बसायला काय द्यावं हे न सुचून आपणच उभे राहिले. मग घराकडे वळून हाक मारली, "कौशल्या, पाणी आण वं. नागपूरहून आल्या ह्या."

कौशल्या बाहेर आली. उंच, सावळी, डोक्यावर पदर. तिनं तांब्या ठेवला आणि सुभद्राकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. "तुमीच का आफिसातल्या?" ती म्हणाली. "उन्हाचं आल्या बाई. पन्हं करते." आणि ती आत गेली.

सुभद्रानं पिशवीतून कागद काढले. येताना काय बोलायचं त्याच्या तिनं गाडीत पुष्कळ ओळी जुळवल्या होत्या. त्यातली एकही तिला आठवली नाही. तिनं सरळ मशीनचं सांगितलं, डब्यांचं, दुष्काळाच्या वर्षांचं. रुपराव ऐकत गेले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. गंजलेला हात त्यांनी धोतराला पुसला, आणि खाटेवर तिच्या समोर बसले, मध्ये कागद ठेवून.

"उणं मी कधी मिळवतच नव्हतो," ते म्हणाले. "दोन राशी करत होतो. अधिकाची वेगळी, उण्याची वेगळी. दोन्हीत फक्त मिळवत जायचं. उण्याच्या राशीतही उणं लिवाचंच नाही, साधा आकडा लिवाचा. शेवटी एकदाच दोन्ही राशी समोरासमोर ठेवायच्या, मोठीतून लहान काढायची. मोठी ज्या बाजूची, चिन्ह त्या बाजूचं. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. घडीघडी उसनं घेत बसलं का माणूस गोंधळते, तं मशीनचं काय."

त्यांनी बियाण्याच्या कॅलेंडरच्या मागे एक उदाहरण करून दाखवलं. तीन अधिक, दोन उणे. पेन्सिल थांबत नव्हती. सुभद्रा सवयीनं खालची बाजू मिळवत गेली, आणि ओळ संपल्यावर तिच्या तोंडून आपसूक निघालं, "हातचा एक."

"घेतला," ते म्हणाले.

आत पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज येत होता.

"मशीन कसा देते हातचा?" थोड्या वेळानं रुपरावांनी विचारलं.

"खालच्या डब्यातून वरच्यात. आपोआप."

"बोलत नाही."

"नाही. त्याले काहून बोलावं लागन?"

रुपराव पेन्सिलीचं टोक बोटानं घासत होते. "आपल्यालेबी नव्हतं लागत," ते म्हणाले. "नियम चिठ्ठीचा होता. खालच्यानं हातचा चिठ्ठीवर लिवाचा, दहा ओळी झाल्या का वरच्याले द्यायची. तुमी नव्या लागल्या होत्या, तुमाले माहीत नव्हतं. मीच सांगलं, बोलून सांगत जा म्हणून."

सुभद्रानं त्यांच्याकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

"काहून?" तिनं विचारलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कौशल्या पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात आली होती. तिनं एक सुभद्राच्या हातात दिला, एक नवऱ्यासमोर ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ नका देऊ त्यायले. रस काढला हाय."

जेवताना कौशल्याच बोलत राहिली. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतर. त्याच्यासाठी मागे दोन खोल्या काढायच्या होत्या. धाकटा रामटेकला मास्तर होता. दोन्ही मुलं रुपरावांना 'बाबा' म्हणत, सख्खा बाप त्यांना आठवतही नव्हता. "ह्यायनं कधी समजूच देलं नाही," ती म्हणाली, आणि रुपरावांच्या ताटात न विचारता वाटीभर रस वाढला. वाढण्याच्या त्या सवयीकडे सुभद्रा पाहत राहिली. त्या घरात काही खोटं नव्हतं. खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

तीनच्या गाडीपर्यंत रुपराव तिला सोडायला आले. वाटेत कॅनॉल लागला. पाणी बंद होतं, तळाला ओल तेवढी. ते म्हणाले, "ते काम झालं का बोलायचं होतं मले, आठवते?"

"आठवते."

"मी तवाच बोलायले पाहिजे होतं."

"मीबी विचारायले पाहिजे होतं," ती म्हणाली.

गाडी लागलेली होती. कंडक्टर घाई करत होता. ती खिडकीपाशी बसली. रुपराव खाली उभे राहिले, कपाळावर हात धरून, उन्हामुळे. गाडी वळेपर्यंत ते तिथंच होते. कन्हानचा पूल आला तेव्हा तिनं खाली पाहिलं नाही.

*

दोन राशींची युक्ती तारानं एका संध्याकाळी लिहून काढली. "इतकं सोपं!" ती म्हणत राहिली. "मी आठ दिवस मशीनला उसनं घ्यायले शिकवून राहिली होती." दुसऱ्या दिवशी पहिल्या सदतीस वर्षांवर प्रोसीजर चालवली. मशीन बराच वेळ घरघरलं, मग छापू लागलं. सुभद्रानं एकाहत्तरचं रजिस्टर उघडून समोर धरलं. एकोणीस आकडे. तारा मशीनचे वाचत गेली, सुभद्रा रजिस्टरातले. एकोणिसावा जुळला तेव्हा तारा खुर्चीतून उठून टाळ्या पिटू लागली. साहेबांनी पुन्हा स्वतः ताळा पाहिला, आणि पुलाच्या कागदावर सही केली.

रजिस्टराच्या त्या पानाखाली दोन सह्या होत्या, जवळजवळ. सुभद्रानं पान मिटलं.

"आता हिले नाव द्यायचं," तारा म्हणाली. "आठच अक्षरं चालतात. तुमचं देऊ? का रुपरावांचं? का दोन्ही मिळून काही?" तिच्या डोळ्यांत किंचित खोडकरपणा होता. तिला काय आणि किती समजलं होतं, कोण जाणे.

"कन्हान ठेव," सुभद्रा म्हणाली.

पाऊसपाणी सुरू झालं. कन्हान भरून वाहू लागली, रोजचे आकडे येऊ लागले. जुलैत तारानं वैनगंगा आणि पेंचलाही तीच रीत लावली. सुभद्राला पारशिवनीला चार ओळी लिहायच्या होत्या, की तुमची रीत लागू पडली, बेरीज जुळली. तिनं दोनदा पोस्टकार्ड घेतलं. एक तिनं भाच्याला गृहपाठाच्या कच्च्या कामाला दिलं. दुसऱ्यावर पत्ता लिहिला, आणि मजकुराची जागा कोरी राहिली. इतकंच लिहायचं तर ते खोटं, आणि आणखी लिहायचं तर ते उघड्या कार्डावर, कौशल्याच्या हातात पडणारं.

ऑगस्टच्या शेवटी एका गुरुवारी आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढायची होती. सुभद्रानं अर्ध्या दिवसाची रजा काढली. आईला घरी पोचवून ती साडेतीनला ऑफिसात आली, तर तारा दारातच.

"मॅडम, ते आले होते! रुपरावकाका!"

सुभद्रा पायरीवरच थांबली.

"दीड वाजता आले. तुमच्या खुर्चीत बसले होते. मी मशीन दाखवलं, तर म्हणाले, चालवा. मी चालवलं. त्यायनं आपलं पेन्सिल घेऊन खालची एक ओळ हातानं केली अन् मशीनशी जुळवली. लय खूश झाले. मंग घड्याळाकडे पाहत होते. मी म्हटलं, मॅडम येतीलच. पण त्यायचा टेंपो लकडगंजात लाकडं भरून राहिला, चारला निघते म्हणे. आत्ताच गेले, वीसएक मिनिटं झाले."

"काही सांगलं?"

"नाही. आईच्या डोळ्याचं विचारलं. म्हणाले, येऊन गेलो म्हणून सांगजा."

सुभद्रा आत न जाताच मागे वळली. फाटकाबाहेर तिला सायकलरिक्षा मिळाली. "लकडगंज," ती म्हणाली, "लवकर चाल गा." रिक्षावाला म्हातारा होता. जयस्तंभाशी ट्रॅफिक अडलं. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचलं होतं, तिथं तो उतरून रिक्षा ओढू लागला. तिनं पैसे त्याच्या हातात ठेवले आणि उतरून पाण्यातूनच पायी पुढे निघाली, चपला हातात घेऊन. आपण शेहेचाळीस वर्षांच्या आहोत, सरकारी नोकर आहोत, कोणी ओळखीचं पाहील, हे सगळं तिच्या मनात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं. तिला फक्त एकदा समोरासमोर उभं राहायचं होतं. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं.

लकडगंजात ओळीनं लाकडाचे टाल. कापलेल्या सागाचा वास, आरागिरण्यांचा आवाज. पारशिवनीचा टेंपो कुठं भरला, म्हणून ती एकेका टालावर विचारत गेली. चौथ्या टालाचे शेठ ताराचंद चौकटींवर खडूनं खुणा करत उभे होते.

"पारशिवनीवाले भोयर? गेले न, बाई. दहा मिनिटं झाली असतील."

तिनं टालाच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"चारला निघणार होते न?"

"हो, माल चारच्या आधीच भरून झाला होता. त्यांनीच थांबवून ठेवला टेंपो. म्हणे थोडं थांबा, थोडं थांबा. तिथं रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर जाम तापला होता, कामठीला रेल्वेचं फाटक पडते म्हणून." शेठनं तिच्या भिजलेल्या साडीकडे पाहिलं. "काही राहिलं होतं का? निरोप ठेवता? दिवाळीच्या आधी दारं न्यायले येतीलच कोणीतरी."

"नाही," सुभद्रा म्हणाली. "काही राहिलं नाही."

शेठनं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. रस्त्याच्या तोंडाशी गेली. तिथून कामठीकडे जाणारा रस्ता लांबवर दिसत होता. ट्रक, हातगाड्या, छत्र्या. एक टेंपो लाकडं लादून जाताना दिसला, पण तो उलट बाजूला जात होता. ती बराच वेळ उभी राहिली. कोणाला वाट विचारायची आहे का, म्हणून एका पोरीनं तिला विचारलंही.

मग तिनं चपला पायांत घातल्या आणि इतवारीच्या गर्दीतून पायीच घरी आली. वहिनी म्हणाली, "आज इतक्या लवकर? अन् हे काय, पार भिजल्या बाई तुमी."

"पुलाखाली पाणी होतं," सुभद्रा म्हणाली. तिनं साडी बदलली, हात स्वच्छ धुतले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सहा वाजताचं औषध आईच्या डोळ्यात घालायला आतल्या खोलीत गेली.